बाबुली मेस्त्रीचा उजवा कौल

मंडळी, आज सुरुवातीलाच विचारतो, रागावू नका. देवाला आपण विचारतो ते कशासाठी? उत्तर हवं असतं म्हणून? की उत्तर मिळेपर्यंत घरी बसता येतं म्हणून? हसलात! खांबाला टेकलेले काकासुद्धा जागे झाले. बरं झालं. ऐका तर!

तळकोकणातलं एक गाव. तिथं बाबुली मेस्त्री, जातीचा सुतार. दारं, खिडक्या, देव्हारे करायचा. पण जीव कशात? वाद्यात! लाकडावर टिचकी मारायची, कान लावायचा, ऐकत बसायचं. बायको शेवंती म्हणायची, ‘‘लाकडाक सर्दी झाली काय? नाडी कसली बघतास?’’

एकदा देवळातली वीणा तडकली. बाबुलीनं जोडली. उत्सवाला एका गवयाबरोबर मिरजेचे तंबोरे करणारे इमामसाहेब आले होते. त्यांनी वीणा हातात घेतली, तार छेडली, आणि थांबले! ‘‘कुणी जोडली ही?’’ बाबुली खांबाआड! लोकांनी ओढून पुढं आणला. इमामसाहेब म्हणाले, ‘‘मिरजेला ये. माझ्याजवळ बैस. तंबोरा करायला शिकवतो.’’

मंडळी, आयुष्यात असं बोलावणं किती वेळा येतं? बाबुलीला रात्रभर झोप नाही! पण मिरज म्हणजे घाट ओलांडायचा, घर सोडायचं. जमलं नाही तर? गाव हसलं तर? सकाळी उठला आणि काय केलं? पिशवी भरली? छे! कौल लावायला गेला!

कौल तुम्हाला काय सांगायचा! ओल्या पाकळ्या देवाच्या दोन्ही खांद्यांना चिकटवायच्या. उजवी आधी गळली तर होय, डावी गळली तर नको. नारू गुरवानं गाऱ्हाणं घातलं, ‘‘बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकराच्या मनात मिरजेक जावचा आसा. होय तर उजवो कौल दी, नको तर डावो कौल दी!’’ आणि सगळे म्हणाले – म्हणा की! – होय म्हाराजा!

टप्! उजवी पाकळी! गाऱ्हाणं संपतंय न संपतंय तोच!

आता निघायला हवं की नको? पण बाबुली म्हणतो, ‘‘नारबा, वाऱ्यान पडली असतली.’’

‘‘गाभाऱ्यात वारो?’’ नारू म्हणाला. ‘‘मी हयसर घामान भिजलंय!’’

पुढच्या सोमवारी पुन्हा कौल. पुन्हा उजवी! मग बाबुलीनं प्रश्न बदलला. पाऊस सरल्यावर जाऊ? जा. सुखरूप परत येईन? येशील. हात बसेल? बसेल. उजवी, उजवी, उजवी! अहो, देव दमला, पण हा दमेना! शेवटी म्हणाला, ‘‘इचार, माझा नाव होईत काय?’’

डावी गळली.

आणि मंडळी, इथं नीट बघा. बाबुलीचा चेहरा पडला असं वाटलं ना तुम्हाला? उजळला! छातीवरचा धोंडा उतरला त्याच्या! गावभर सांगत सुटला, ‘‘माझी लय इच्छा होती, पण देवाचाच मन नाय!’’ इतके होकार गिळले आणि एका नकाराला मिठी मारली! घरी शेवंतीनं भाकरी वाढली आणि एवढंच म्हणाली, ‘‘देवाक इचारतास, की देवाच्या पाठी लपतास?’’ तो जेवला नाही. पण गेलाही नाही.

वर्षं गेली. दारं केली, खिडक्या केल्या. कुणी तंबोरा घेऊन गावात आला की हा मागच्या दारानं रानात जायचा. आवाज सोसायचा नाही त्याला. मग केस पिकले, हात कापायला लागला, आणि एके दिवशी कुणालाही न विचारता एसटीत बसला. मिरजेला!

पत्ता विचारत दुकानात पोचला. गादीवर इमामसाहेबांचा मुलगा. बाबुलीनं गावाचं नाव सांगितलं तसा तो उठून उभा राहिला. ‘‘तुम्ही कोकणातले सुतार? अब्बा गेले हो. गेल्या उन्हाळ्यात गेले. शेवटपर्यंत विचारायचे, आला का?’’

मुलानं माळ्यावरून भोपळा काढला. तंबोऱ्याचा, मोठा, फडक्यात बांधलेला. ‘‘हा त्यांनी कुणाला कापू दिला नाही. म्हणायचे, तो आला की त्याचा पहिला तंबोरा ह्याचा.’’

बाबुलीनं भोपळा मांडीवर घेतला. टिचकी मारली. कान लावला. आतून भुरुभुरु पीठ गळलं. किड्यानं सगळा पोखरला होता. मुलगा म्हणाला, ‘‘दुसरा देतो, काका.’’ बाबुलीनं आपल्या कापणाऱ्या हाताकडे बघितलं, मान हलवली आणि भोपळा होता तसा फडक्यात बांधून ठेवला.

घरी आला. शेवंतीनं पाणी दिलं, विचारलं, ‘‘काय झाला?’’

म्हातारा रडत म्हणाला, ‘‘देवान तेवाच होय म्हटल्यान होता गो!’’

का हो, हसू कुठं गेलं? मघाशी हसत होता की! मला चीड येते मंडळी, बाबुलीची नाही, आपली! देवानं हात दिला, कान दिला, मिरजेचा माणूस दारात आणून उभा केला. आणखी काय करायचं त्यानं? तुमची पिशवीही त्यानंच भरायची? पुढं काय होईल ते कळल्याशिवाय पाऊल टाकणार नाही म्हणता. आणि लग्न केलंत तेव्हा कळलं होतं का हो? हां, आता हसा!

या मंडपात कुणाचं तरी काहीतरी राहिलंय. कुणाला शिकायचंय, कुणाला निघायचंय. नाव होईल की नाही ते मला ठाऊक नाही. बाबुलीला देवानं ‘होणार नाही’ सांगितलं, ते खरंच होतं. पण तंबोरा झाला असता! उद्या गाभाऱ्यापाशी तोच प्रश्न घेऊन पुन्हा उभे राहू नका. आता उठा, आरती म्हणा, प्रसाद घ्या. आणि ज्याला उजवा कौल कधीच मिळालाय, त्यानं इथं गप्पा मारत थांबू नये. शेवटची एसटी अजून गेलेली नाही.