तीन वेळा लावलेला कौल

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, ज्यांच्यासाठी आज आपण जमलो ते केळुसकर मास्तर, आणि बांद्यातल्या माझ्या बंधु-भगिनींनो,

मास्तर उद्या रत्नागिरीच्या शाळेत रुजू व्हायला निघतायत. शाळा समितीचा चिटणीस म्हणून मी त्यांचे गुण गावेत, असं ठरलंय. पण मला वेगळंच बोलायचंय. भिकाजीराव, उठू नका. एवढं ऐका.

गेल्या मार्गशीर्षात माझ्या मुलासाठी, दत्तारामासाठी, भिकाजीरावांची मुलगी सुभद्रा आम्ही पसंत केली. मग कळलं, तिची आई छातीच्या कॅन्सरने गेली. मी घाबरलो. ‘देवान कौल दिल्यान नाय,’ असा निरोप धाडून मोकळा झालो.

दत्तारामाने माझ्याशी बोलणं टाकलं. शेवटी आईचा रोग लेकीला येतो का, हे विचारायला मी मास्तरांकडे गेलो. “मास्तरानू, आवशीचा दुखणा चेडवाक येता मां?”

मास्तरांनी साठ साली शाळेत आलेल्या सूक्ष्मदर्शकातून मला कांद्याच्या मुळातल्या पेशी दाखवल्या. एकीच्या दोन होत होत्या. आतले धागे म्हणजे गुणसूत्रं, त्यांवर आईबापांकडून आलेली जनुकं. पेशी दुभंगण्याआधी त्या सगळ्याची नक्कल होते.

“नकलेत चुका राहतात,” मास्तर म्हणाले. “जखम भरली की पेशी वाढायच्या थांबतात. चुका साचलेली पेशी थांबत नाही, तो कॅन्सर. आईच्या छातीतल्या पेशीत झालेली चूक लेकीत उतरत नाही. मूल त्या पेशीपासून होत नाही.”

“म्हंजे कधीच नाय?”

“काही घराण्यांत कल दिसतो, खोटं कशाला सांगू? पण एका आईवरून पोरीला डाग लावाल?”



मंडळी, आता खरं काय ते सांगतो. देवाने पहिल्यांदा उजवा कौल, म्हणजे होकार, दिला होता. मी परत लावला. पुन्हा उजवा. तिसऱ्यांदा देवाला लावलेली पाकळी डावीकडे पडली, आणि तेवढीच मी भिकाजीरावांना कळवली. देवाच्या आड लपून मी एका पोरीला नाकारलं. तेव्हापासून तिला दुसरं स्थळ आलेलं नाही. मला याची लाज वाटते.

मास्तर, तुम्ही माझे डोळे उघडलेत, तुमचे आभार. अध्यक्ष महोदय, वेळ जास्त घेतला. भाषणात चुकलं असेल ते सभेने पोटात घालावं. भाषणाआधी चुकलं, त्याची क्षमा एकट्या भिकाजीरावांकडे मागतो.

भिकाजीरावांनू, उद्या सकाळी नारळ घेवन सुभद्रेक मागणी घालूक तुमच्या दारात येतंय. ह्या खेपेक कौल तुम्ही द्या. डावो पडलो, तर परत लावचंय नाय.