एकावन्न बाराचा आरसा

बसा रं जवळ जवळ. शेकोटीत आणखी दोन लाकडं घाला. भाऊसाब, मगाशी तुम्ही इचारलंत न्हवं, माल पोचवणाऱ्या ड्रायव्हरला रोज तीच गाडी मिळती का? मिळायची! आमच्या वक्ताला मिळायची. मग न्हाई मिळाली. आणि न्हाई मिळाली म्हणूनच ही गोष्ट झाली. ऐका.

मी आधी किन्नर, म्हंजे गाडीचा क्लीनर व्हतो. केरबानानाच्या गाडीवर. गाडीचा नंबर एकावन्न बारा. नाना बुटका, अगदी बुटका! शीट पार म्होरं ओढायचा, खाली घोंगडं घालायचा, आरसा खाली वाकवायचा. अकरा वर्सं तीच गाडी. दुसऱ्यानं आरशाला हात लावला की शिव्या! मी टपावर थाप मारायची. एक थाप म्हंजे चल, दोन थापा म्हंजे थांब. माझ्या थापेबिगर नानानं कधी गाडी मागं घेतली न्हाई.

मग नाना झोपेतच गेला. रडलो मी. बाप गेला तवा रडलो न्हवतो एवढा. त्याच साली आखाडात मोरओढ्यावरचा जुना पूल वाहून गेला. हे ध्यानात ठेवा. आधी नाना गेला, मागनं पूल गेला.

तवर मी ड्रायव्हर झालो व्हतो. गोदामात नवा साहेब आला. म्हणला, "ज्याची त्याची गाडी बंद! किल्ल्या खिळ्यावर. येईल त्यानं हाताला लागंल ती घ्यायची." एके सांजंला मी जरा उशिरा पोचलो. खिळ्यावर एकच किल्ली. कोणची? बरोबर. एकावन्न बारा! मेल्या माणसाची गाडी नको म्हणून सगळ्यांनी आधीच दुसऱ्या उचलल्या व्हत्या, लबाड लेकाचे.

घेऊ नये वाटलं. पण ही आमची सुभद्रा बसलीय न्हवं पलीकडं, तोंडाला पदर लावून हसतीय, ह्या माझ्या लेकीचं दुसऱ्या सकाळी बारसं व्हतं. माल टाकून उजाडायच्या आत घर गाठायचं व्हतं. म्हणलं, नाना आपलाच माणूस, काय करतोय! आणि दिवस बुडल्यावर एकटाच निघालो.

शीट मागं सारलं. मी हा असा ताडमाड. आरसा वर केला. चाललो. फर्लांगभर गेलो आणि आरशात बघतो तर काय? माझंच गुडघं! आरसा खाली. वाटलं, ढिला असंल. वर केला. पुन्हा खाली! अहो, तीन वेळा केला, तीन वेळा खाली.

मग शीट. खट् दिशी म्होरं आलं! गुडघं स्टेरिंगच्या दांड्यावर आपटलं. मागं सारावं तर हलंना. तंबाखूचा वास आला, चुना मळल्याला. मी तंबाखू खात न्हाई, ठाऊक हाय तुम्हाला. घाम फुटला. म्हसोबाच्या वळणाला हारन वाजला. तीनदा. मी हात लावला न्हाई! त्या वळणाला तीनदा हारन कोण द्यायचा? नाना.

तरी मी म्हणतोय, पुढं फाटा हाय, नवी सडक धरली की सुटलो. फाटा आला. स्टेरिंग डावीकडं फिरलं. आपोआप! जुन्या पुलाच्या रस्त्याला. मी बेरेक दाबतोय, बेरेक दगडावाणी. किल्ली काढली. किल्ली माझ्या मुठीत, आणि गाडी पळतीया! शीटनं मला असं ढकललं, असं, की मी किन्नराच्या जागंवर जाऊन पडलो. आणि ड्रायव्हरच्या जागंवर नानाचं घोंगडं दबल्यालं. वर कुणी न्हाई!

तवा डोक्यात उजेड पडला. आरं, नाना मला मारायला न्हाई निघाला. नाना घरी निघालाय! रोजच्या वाटंनं. मेल्या माणसाला कोण सांगणार पूल गेला म्हणून?

"नाना, पूल न्हाई! नाना, पूल गेला!" आई शपथ, नरडं फाटंस्तोवर वरडलो. उडी मारावी तर एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला ओढा. डोळ्यापुढं पाळणा आला. पोरीला अजून नाव सुदिक न्हवतं.

नाना बोलण्यानं कधी थांबलाय? जिता व्हता तवा तरी थांबायचा का? दार उघडलं, बाहेर लोंबकळलो आणि टपावर थाप मारली. एक, दोन! थाड, थाड!

गचकन थांबली. खाली बघतो तर म्होरलं चाक काठावर, आणि दिव्याचा उजेड नुसता खाली पाण्यात.

उतरलो. म्हणलं, "नाना, तुम्ही गेल्यावर गेला हो पूल. दिसतंय न्हवं?" मग आरसा हलला. माझ्याकडं वळला, हळू. आणि गेर पडल्याचा आवाज आला. मागचा गेर.

मी मागं जाऊन उभा ऱ्हायलो. एक थाप. गाडी मागं आली. दोन थापा. थांबली. असं पार फाट्यापतूर आलो, त्या अंधारात मेल्या माणसाला वाट दावत. फाट्याला गाडी बंद पडली ती पडलीच. मी चालत घर गाठलं. बारशाला पोचलो.

साहेबाला म्हणलं, "ती किल्ली खिळ्यावरनं काढा." हसला. पंधरा दिसांनी परमुलखातल्या एका ड्रायव्हरच्या हाताला लागली. त्येला थाप ठाऊक न्हवती. गाडी ओढ्यात सापडली, आरसा खाली वाकल्याला. ड्रायव्हर बाभळीत अडकला म्हणून वाचला. मोटार चालवणं सोडलं त्यानं, मेंढरं राखतोय.

तवा ऐका. मोरओढ्याची वाट धरू नका. घाई असली, आटल्या ओढ्यातनं सात कोस वाचत असलं, घरात बारसं असलं तरी न्हाई! अवसेला त्या रस्त्यावर गाडीचं दिवं दिसत्यात म्हणं. नाना वाईट न्हाई. माझा नाना न्हवं का तो? पण त्येला पुन्हा पुन्हा इसर पडतोय पूल गेल्याचा, आणि थाप मारणारा मी म्हातारा झालोय.