विमलअक्कांवर पडलेला दगड

माधवअण्णा, आणि विमलअक्कांकडं शिकलेल्या सगळ्या मंडळींनो,

बसायला जागा न्हाई, तरी तुम्ही उन्हात उभे हाव. अक्कांच्या शोकसभेत मला बोलायला सांगितलं तेव्हा मी दोनदा न्हाई म्हणलो. अण्णा म्हणले, "माझ्या बहिणीचा तू लाडका विद्यार्थी. तूच बोल." अण्णा, मी काय बोलणार हे ठाऊक असतं, तर तुम्ही मला बोलवलं नसतं.

मी सूर्यकांत. नाक्यावर माझं खत-बियाण्याचं दुकान. अक्कांनी मला गणित शिकवलं.

एकदा अक्कांनी काचेची बरणी भरून हरभरे आणले. किती असतील? पाटलाचं पोरगं ओरडलं, "दोनशे!" मग कोणी एकशे नव्वद म्हणलं, कोणी दोनशे दहा. मीबी दोनशेच म्हणलो. मोजले तर सहाशेच्या वर! अक्का हसल्या न्हाईत. म्हणल्या, "तुम्ही हरभरे बघितलेच न्हाईत रे. तुम्ही त्याचं तोंड बघितलं." तेव्हापासून वर्गाचा नियम झाला. आधी आपापल्या पाटीवर लिहायचं, मग तोंड उघडायचं. अक्का म्हणायच्या, "एकाची चूक लगेच दिसती. पन्नास जणांनी मिळून केली की तीच खरी वाटाय लागती."

मला वाटलं, मी शिकलो. शिकलो का?

मागच्या सोमवारी भर दुपारी नाक्यावर गाडीचा ब्रेक करकचला. मालाची पिकअप. शाळेतनं येणारी पोरगी तिच्याम्होरं पडली होती. दुकानातनं मला फक्त गर्दी दिसली. कोणीतरी ओरडलं, "पोरगी मेली! ड्रायव्हर पिऊन हाय!" कोण ओरडलं? आजबी ठाऊक न्हाई. मी पोरगी बघितली न्हाई. ड्रायव्हरच्या तोंडाचा वास घेतला न्हाई. लोकांच्या हातात दगड बघितले, आणि शटर ओढायचा लोखंडी आकडा उचलला.

ड्रायव्हरला खाली ओढलं होतं. हळ्ळीखेडचा रेवणप्पा. लाथा बसायलत्या, तोंडातनं रक्त यायलतं, आणि तो कानडीत एकच विचारायलता, "हुडुगी यल्ली? हुडुगी यल्ली?" पोरगी कुठंय? मंडळी, आपल्यात कानडी कोणाला कळत न्हाई? सगळ्यांना कळती. त्या दिवशी एकालाबी कळली न्हाई.

मी आकडा मारला. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज ऐकला. आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

तेवढ्यात नाक्यालगतच्या आपल्या घरातनं येऊन अक्का गर्दीत घुसल्या. सत्तरीची बाई. पदर खोचला आणि त्याच्या अंगावर आडवी पडली. "पोरगी जिती हाय! माझ्या ओट्यावर बसलीय! थांबा!" दगड थांबले न्हाईत. पाठीत बसले, हातावर बसले. त्यांनी मान वर केली. म्होरं मी. आकडा वर धरलेला.

"सूर्या, कामून मारायलास? काय बघितलास तू?"

मी तोंड उघडलं. मागनं दगड आला आणि त्यांच्या कानशिलावर बसला. त्यांचं रक्त माझ्या चपलेवर उडालं. तरी माझा हात खाली आला न्हाई, मंडळी. कोणीतरी धरून खाली घेतला.

तिसऱ्या दिवशी बिदरच्या दवाखान्यात अक्का गेल्या.

पोरीचं कोपर खरचटलंय, एवढंच. ती बघा, आईजवळ बसलीय. रेवणप्पा प्यालेला नव्हता. त्याला आज इथं यायचं होतं. त्याच्या बायकोनं येऊ दिलं न्हाई. तिला आपली भीती वाटायलीय. कामून वाटू नये?

तो दगड कोणाचा, मी बघितलं न्हाई. पण माझ्या आकड्यानंच कितीजणांना जोर आला असंल, ते मला कळतंय.

काल मी ठाण्यात जाऊन सगळं सांगितलं. आकडा जमा केला. साहेबांनी विचारलं, "बाकीचे कोण?" मी म्हणलो, "माझं मी सांगितलं. त्यांचं ते सांगतील." आज इथं बोलता यावं म्हणून एवढा वेळ मागून घेतलाय. हवालदार दारात उभे हायत. गाडीत जागा हाय. कोणाला माझ्यासंगं यायचं असंल, तर या.

जे बसल्यात, त्यांनीबी आता उभं राहा. अक्कांच्या फोटोकडं बघत दोन मिनिटं कोणी बोलू नका. ती झाली की मी निघतो.

अण्णा, तुमच्या पाया पडायची माझी लायकी न्हाई. इथनंच हात जोडतो.