टाकीची गोधडी

...आणि ते वाण जरा सरळ धरा हो सरपोतदारबाई, फांदी मोडली की चीक गळतो, आणि त्याचा डाग एकदा पदरावर पडला की साडी फाटेल पण डाग जायचा नाही, माझ्या कपाटातल्या साड्या बघा हवं तर, प्रत्येकीवर आमच्या ह्यांच्या संशोधनाची सही आहे! आणि मुख्य म्हणजे खायचं नाही! पान नाही, बी नाही, काही म्हणजे काही तोंडात घालायचं नाही! हसता काय? तुम्ही दुसऱ्यांकडे हळदीकुंकवाला जाता, तिथे वाटी मिळते, चमचा मिळतो, अगदीच चिक्कू असल्या तर कंगवा मिळतो. आणि गद्र्यांकडे आलात तर काय? मोगली एरंडाचं रोप! गावाकडे कुंपणाला लावतात ना, ज्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही, ते! मी म्हटलं, अहो, सवाष्णींना वाण म्हणून विषारी झाड द्यायचं? तर हे म्हणतात, "अरुणा, विषारी आहे म्हणून तर सुरक्षित आहे." आता या वाक्यावर माणसानं काय बोलावं? तक्रार नाही हं माझी! आपलं सांगते.

तुम्हाला सांगते, लग्न ठरलं तेव्हा मला सांगितलं होतं, मुलगा दिल्लीत सरकारी शास्त्रज्ञ आहे, तेलबियांवर काम करतो. माझ्या आईला केवढा आनंद! "तेलाला तरी तोटा नाही गं बाई!" अहो, कुठलं तेल? यांच्या तेलात मला आजवर एक भजं तळता आलेलं नाही! बिया दळायच्या, तेल काढायचं, त्याच्यावर काय काय प्रक्रिया करायच्या आणि त्याचं करायचं गाडीचं डिझेल. घरात बरण्याच बरण्या, आणि प्रत्येक बरणीवर चिठ्ठी, 'खायचे नाही'. आमची सुनीती लहान होती तेव्हा तिला पहिलं मराठी वाचता आलं ते हेच! दिल्लीत वाढलेलं पोर, 'अडगळ' म्हणजे काय माहीत नाही, 'उखाणा' म्हणजे काय माहीत नाही, पण 'खायचे नाही' खणखणीत वाचायची... श्रीखंडाच्या डब्यावर बोट ठेवूनसुद्धा!

आणि दिल्लीच्या लोकांना तर हे पटतच नाही. या समोरच्या क्वार्टरमधल्या चड्ढाआंटी, माणूस लाखमोलाचं, पण यांनी अंगणात झाड लावलं तशी रोज विचारायच्या, "गद्रे भाईसाब, इसका अचार डलता है?" नाही. "सब्ज़ी?" नाही. "अच्छा, छौंक में?" फोडणीतही नाही हो आंटी, खाते नहीं! "तो फिर यार, फ़ायदा क्या है?" बस. आमच्या ह्यांना कोणी हा प्रश्न विचारला की झालं, कुकरच्या तीन शिट्ट्या होऊन भात करपेपर्यंत थांबत नाहीत. "बहनजी, यही तो फ़ायदा है!" माणसाच्या कढईतलं तेल काढून गाडीच्या टाकीत ओतायचं, ते मी करणार नाही, म्हणतात. जे माणूस खात नाही, जनावर खात नाही, पडीक जमिनीवर येतं, त्याचंच इंधन करायचं. शेंगदाण्याला हात लावायचा नाही, सोयाबीनला नाही. मी लहानपणी याच झाडाच्या चिकाचे फुगे फुंकायचो, म्हणतात, तेव्हापासून माझी त्याची ओळख आहे. आता सांगा! लोक लहानपणच्या मैत्रिणीला विसरतात, हा माणूस लहानपणच्या झुडपाला विसरला नाही!

तर फरीदाबादला यांना एक तुकडा मिळाला होता जमिनीचा. जमीन कसली, माळ होता उघडा, नुसते खडे! रोज चार्टर्ड बसने जायचे ऑफिसात, आणि ऑफिस सुटलं की त्या माळावर. मे महिन्याच्या लूमध्ये डोक्याला ओला पंचा बांधून हे आपले झाडाझाडापुढे वाकून उभे! मी एकदा डबा घेऊन गेले, तर म्हणतात, "हळू बोल, याला फूल आलंय." मी म्हटलं, मला डोहाळे लागले होते तेव्हा कोणाला हळू बोलायला सांगितलं होतंत? आणि त्या दिवसांत काय सांगू, जिकडेतिकडे याच झाडाचा गाजावाजा. पेपरात, टीव्हीवर, मीटिंगांत, हे झाड लावा आणि देशाचं डिझेल पिकवा! कोणी सांगे झाडाला पोतंभर बी येतं, कोणी सांगे पाणीसुद्धा नको. आणि आमचे हे, ज्यांनी खरोखर झाडं लावली होती, ते काय सांगत? "तेवढं येत नाही. पाणी लागतं. अजून चांगलं वाण निवडावं लागेल." अहो, सगळी वरात नाचतेय आणि नवरदेव म्हणतो मला जरा विचार करायचाय! कमी फळणारं झाड काढ, जास्त फळणाऱ्याची फांदी लाव, वाट बघ, पुन्हा काढ. बरोबरीचे लोक परदेशी जाऊन आले, मोठ्या बंगल्यात गेले, आणि आम्ही आपले लक्ष्मीबाई नगरच्या याच क्वार्टरमध्ये, गॅलरीत कपड्यांऐवजी बिया वाळत! तक्रार नाही हं माझी!

आता गेल्या जानेवारीचं सांगते, ते ऐकाच. यांचे वरचे साहेब मल्होत्रा, त्यांनी यांना बोलावून सांगितलं, ती फरीदाबादची जमीन परत मागतायत, पार्किंग करायचंय. म्हणजे इतक्या वर्षांची ती निवडून निवडून वाढवलेली झाडं उपटायची आणि तिथे गाड्या उभ्या करायच्या! एकच उपाय. कमिटी येणार, तिच्यासमोर जीप चालवून दाखवायची, फक्त या तेलावर, सकाळी सकाळी. चालली तर जमीन राहील, नाही चालली तर बुलडोझर. आणि कमिटी कधी यावी? जानेवारीत! बजेटच्या आधी! अहो, दिल्लीचा जानेवारी! तुमची खोबरेलाची बाटली बघा गॅलरीत कशी दगड होऊन बसते, उन्हात ठेवा, गरम पाण्यात ठेवा, तेव्हा कुठे वेणीपुरतं तेल बाहेर येतं. ते समोरचे सरसोंवाले, मोहरीचं तेल लावणारे, हसतात आपल्याला, त्यांचं गोठत नाही ना! तर या मोगली एरंडाच्या डिझेलचं तसंच, फार गारठा पडला की घट्ट होतं, नळीत अडकतं, गाडी चालत नाही. यांना काय हे ठाऊक नव्हतं? यांनी दिवाळीआधीच टाकी गरम ठेवायचं यंत्र मागितलं होतं. मंजुरी यायची होती. अजून यायचीच आहे!

आदल्या दिवशी जीप इथेच आणली, खाली उभी केली, म्हणजे पहाटे फरीदाबादहून धुक्यात यायला नको. रामफल म्हणून यांचा ड्रायव्हर आहे, सोनीपतकडचा, त्याने आभाळाकडे बघून सांगून टाकलं, "साब, आज तो पाळा पड़ैगा." म्हणजे आज दंव गोठणार! हे चहा घेईनात. तेवढ्यात मल्होत्रांचा फोन. मी इथे पोळ्या लाटत होते, आणि मल्होत्रांचा आवाज म्हणजे, त्यांना फोनची गरजच नाही! "गद्रे जी, टेंशन क्यों लेते हो यार! आधा असली डीज़ल डाल दो, चलो छुट्टी! कमिटी कोई टंकी में झाँकेगी? आपकी ज़मीन बचेगी, मेरी इज़्ज़त बचेगी!"

माझं लाटणं थांबलं. कारण खरं सांगू? मला वाटलं, घाला! काय बिघडतं? आणि हा माणूस कोण? सरोजिनी नगरच्या भाजीवाल्याने पिशवीत सडका टोमॅटो टाकला तर "राहू दे, गरीब आहे" म्हणणारा, रिक्षावाल्याशी भाडं मला ठरवायला लावणारा! वरच्या मजल्यावरचं पाणी आमच्या गादीवर गळलं तर यांनी गादी सरकवली! तो माणूस फोनवर उभा राहिला आणि म्हणाला, "नहीं सर." बास. एवढंच. मल्होत्रा पुन्हा गरजले. हे पुन्हा, "नहीं सर, गाड़ी चलेगी तो उसी पर चलेगी." आणि फोन ठेवला.   अहो, मला इतका अभिमान वाटला त्या क्षणी की मी पोळी करपवली.

आणि मग यांनी माझ्याकडे पाहिलं. बायांनो, काय सांगू, असं पाहिलं, असं पाहिलं... लग्नात अंतरपाट सरला तेव्हासुद्धा असं पाहिलं नव्हतं! मी आपली पदर सावरतेय. आणि मग लक्षात आलं, नजर माझ्यावर नाहीच, माझ्या मागे पलंगावर घडी केलेल्या गोधडीवर आहे!

माझी गोधडी! आईने शिवलेली! तिच्या नऊवारी साड्यांची, आत दुहेरी थर, वरून बारीक धावदोरा, डोळे अधू झाले होते तरी शिवली आणि गाडीत बसताना मांडीवर ठेवली, म्हणाली, दिल्लीत थंडी असते म्हणे. दिल्लीच्या रजया काय, जड नुसत्या, ही अंगावर घेतली की माहेर पांघरल्यासारखं वाटतं मला. मी म्हटलं, नाही. हे म्हणाले, "बरं." मी म्हटलं, चड्ढाआंटींची रजई मागा. म्हणाले, "ती टाकीला नीट गुंडाळली जात नाही. कापूस एका बाजूला गोळा होतो. पण राहू दे." हे 'राहू दे' आहे ना त्यांचं, त्याने माझं आयुष्य खाल्लंय! मी भांडले, मी रडले सुद्धा, आणि मग मीच उचलून दिली. काय करणार? या माणसाने पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं होतं, आणि तेसुद्धा टाकीसाठी!

पुढे काय तमाशा! सुनीती बिल्डिंगभर फिरून शेकायच्या रबरी पिशव्या गोळा करून आली. चड्ढाआंटी आपली पिशवी घेऊन स्वतः हजर, "हाय रब्बा, किसकी कमर गई?" मी म्हटलं, टंकी की! जीपमध्ये मागे वेगळी टाकी बसवली होती, तिच्याभोवती गरम पाण्याच्या पिशव्या, त्यावर जुनं धुतलेलं धोतर, माझ्या गोधडीला तेल लागू नये म्हणून हं, आणि त्यावर गोधडी. यांनी स्वतःच्या हाताने गाठी मारल्या, कडा आत खोवल्या, बारशाला बाळ गुंडाळतात तसं. आणि वरून थोपटलं. मी गॅलरीतून पाहिलं, थोपटलं! सुनीतीला कधी थोपटलं असेल तर शपथ.

सकाळी पांढरं धुकं, हात पुढे केला तर दिसेना. कमिटीचे लोक इथेच खाली, कोटाच्या कॉलरीत नाकं खुपसून उभे. मल्होत्रा माझ्याकडे असे बघतायत जसं काही डिझेल मीच घालू दिलं नाही. रामफलने किल्ली फिरवली. खर्रर्र... बंद. पुन्हा. खर्रर्र... बंद. माझ्या मनात सगळे गणपती होऊन गेले, अष्टविनायक संपले, दगडूशेठ झाला, शेवटी मी आईला हाक मारली. म्हटलं, तुझी गोधडी आहे, बघ बाई आता! तिसऱ्यांदा किल्ली फिरली आणि... अहो, चालू झाली! धडधडली, हादरली, चालायला लागली! रामफल ओरडला, "मैडम जी, गाड्डी तो चाल पड़ी!" कमिटीला घेऊन गेली धुक्यातून, इंडिया गेटला वळसा घालून परत आली. चड्ढाआंटी नाचल्या! आणि हे? हे टाकीपाशी. ऊब किती राहिली बघत होते.

जमीन राहिली हो. झाडं आहेत अजून, त्याच झाडांची ही रोपं तुमच्या हातात. आणि कमिटीच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, "इतनी ठंड में चली कैसे?" आता गोधडी काढून सीटखाली सरकवता आली असती की नाही? पण यांना खोटं बोलता येत नाही! यांनी रिपोर्टात लिहिलं, टाकी उबदार ठेवण्याचे साधन, पत्नीची गोधडी, सुती, हाताने शिवलेली. झालं! साधन म्हटल्यावर ती सरकारी झाली! स्टोअरमध्ये चढली, कोपऱ्यावर पांढऱ्या रंगाने नंबर आला, आईच्या पदराच्या काठावर! मी परत मागायला गेले तर स्टोअरवाला म्हणतो, "मैडम, ये तो उपकरण है, गेट पास लगेगा." मी म्हटलं, अहो, माझ्या आईचं लुगडं आहे ते! तर उठून उभा राहिला बिचारा, म्हणाला, "जी मैडम, बिल्कुल, पर है तो सरकारी." आणि काचेचं कपाट उघडून तिला एकदा हात लावू दिला.

तक्रार नाही हं माझी! आईला कळवलं, तर ती म्हणते, माझ्या शिवणीला सरकारी नंबर पडला, अजून काय हवं! आता यंदा पुन्हा गारठा वाढतोय, यंत्राची मंजुरी अजून वाटेतच आहे, आणि काल हे चहा घेता घेता पुन्हा तसंच बघायला लागले. तेव्हा वाण घेतलंत ना सगळ्यांनी? मग घरी गेल्यावर एकेक जुनी मऊ सुती साडी तेवढी पाठवून द्या. पहिली काही त्या कपाटातून निघत नाही, म्हणून दुसरी शिवायला घेतलीय. माप घेऊन ठेवलंय... माझं नाही हो, टाकीचं.