फेसाचं मशिन

हॅलो? उदयसिंह? मी दाजी बोलतोय, इस्लामपुरातनं… न्हाई, तब्येत बरी हाय. ऐक, ते मशिन उघडलं शेवटी… बिअरचं रं. तुझ्या आक्कानं मागवलेलं. सांगलीच्या दवाखान्यातनं फोन आला, ती गेली म्हणून, तवाच पार्सलवाला दारात उभा हुता. एका हातात फोन, दुसऱ्या हातानं सही केली… व्हय, तेच. वर्षभर खोक्यातच पडून… रडत न्हाई गड्या. नाकात फेस गेलाय.

त्यासाठीच तर फोन केला. नुसता फेस येतोय. बादली भरली, ग्लास भरंना… वर्षश्राद्ध झालं काल. आज संध्याकाळी पलटणीतली माणसं यायचीत. म्हटलं, तिनं हौसेनं मागवलंय, तिच्याच मशिनीतली पाजावी. आता त्यांना काय फेस चाटाय लावू? तुझा सातारला बार हाय, तूच सांग.

बिअरचं पिंप? सांगलीवरनं आणलं, मोटारसायकलला मागं बांधून… हां, हिंदकळलं की. पण ते परवा. तवापासनं मशिनीतच गार हाय… गॅसचा काटा? लय वर हाय. म्हटलं, म्होरं ढकलाय जोर नको?… बरं, केला कमी. आता?… कुठली कडी? जादा गॅस सोडायची? ही व्हय… ओढली. फुस्स झालं. मांजर पळालं.

थांब, दारात कोण तरी… भामाबाई हाय, शेजारची. घागर घेऊन आलीया… अरं, बिअरचं म्हणायची लाज, म्हणून तुझ्या आक्कानंच गल्लीत सांगून ठेवलेलं, पाणी शुद्ध करायचं मशिन येणार म्हणून. आवं भामाबाई, अजून पाणी सुरू न्हाई झालं… वास व्हय? फिल्टर नवा हाय, येतो जरा… हां, उद्या या… गेली. तू हसू नको.

नळ? बारीक सोडलाय… अरं, पुरा सोडला तर सांडंल की… बारीक सोडल्यावरच फेस हुतो? आणि मी सकाळपासनं बारीकच… ग्लास? हातभर खाली धरलाय. धार वरनंच सोडायची ना? पलटणीतनं सुटल्यापासनं डेअरीला दूध घालतोय, मला धार शिकवतो व्हय… हां, हां. दूध न्हाई. कळलं. तिरका धरू. नळाला लावून. बरं… पुरा सोडतो. सांडली तर तू पुसाय ये.

…

उदय. आली रं. वर दोन बोटं फेस, खाली सगळी बिअर.

आं? न्हाई, फोन ठेवू नको. एक इचारायचं हाय. परत फेस आणायचा झाला तर?… चेष्टा न्हाई. नुसता फेस, ग्लासभर… अरं, आक्का तुझी पीत कुठं हुती? माझ्या ग्लासावरचा फेस बोटानं खायची. म्हणायची, मला एवढंच द्या, खालचं कडू तुमाला… तुला ठावं नव्हतं? कुणालाच ठावं नव्हतं… मशिन माझ्यासाठी म्हणून मागवलं, पर मला वाटतंय…

सांग की, कसा आणायचा. नाक काय वढतोस.

नळ बारीक. ग्लास हातभर खाली… म्हंजी सकाळपासनं करत हुतो तसंच. बरं.

न्हाई, बाकी सगळं झालंय. खुर्च्या मांडल्या, शेंगदाणे भाजले, ग्लास धुतले. तिच्या फोटोम्होरचा तेवढा भरायचा राहिलाय. ठेवतो.