आतून कडी

मावशी : नाही हो बाई, मघापासून हाका मारतेय. चाचणी अर्धी टाकून वर्गातून पळाली ती थेट या बाथरूममध्ये. आतून कडी. आधी रडणं ऐकू येत होतं, आता तेही नाही.

बाई : बाजूला व्हा जरा. अगं, मी आहे, गणिताच्या बाई. बोलू नकोस हवं तर, नुसती टकटक कर.

मावशी : काही नाही. दार तोडायला कोणाला बोलावू का?

बाई : नको, ठोकाठोकीने आणखी घाबरेल. खालच्या फटीतून बघते... बसलीय. पाय हलतोय तिचा.

मुलगी : बाई, मला श्वासच घेता येत नाहीये. बोटांना मुंग्या आल्यात. मी मरणार का?

बाई : नाही गं राणी. भीतीने होतं असं. ओसरतं ते. मी इथेच फरशीवर बसलेय. श्वास घ्यायची घाई करू नकोस, आधी नुसता सोड. फुंकर मारल्यासारखा. हां. अजून एकदा.

मावशी : मीपण सोडतेय गं पोरी. माझाच जीव खाली-वर होतोय.

मुलगी : आता जरा... बरं वाटतंय.

बाई : पेपर अवघड होता?

मुलगी : नाही. सगळं येत होतं. ते समीकरण तर सुटतच आलं होतं.

बाई : मग काय झालं?

मुलगी : नको. तुम्ही रागवाल.

बाई : रागावलेच तरी मध्ये दार आहे की.

मुलगी : तुम्ही माझ्या मागे येऊन उभ्या राहिलात.

बाई : मी? अगं, मी कौतुकाने बघत होते! किती सुंदर मांडलं होतंस.

मुलगी : माहितेय. पण तुम्ही जिना चढून आला होतात, तुमचा श्वास ऐकू येत होता. बाबा घरी असेच खुर्चीच्या मागे उभे राहतात. बोलत नाहीत. माझं चुकलं की त्यांचा श्वास मोठा होतो. मग मला आकडेच दिसेनासे होतात. मग ते खोलीचं दार लावून घेतात.

मावशी : अगं बाई गं!

बाई : आणि आई?

मुलगी : आई स्वयंपाकघरात असते. नळ सोडून ठेवते.

बाई : आतलं काही ऐकू येऊ नये म्हणून.

मुलगी : बाई, शाळेत प्रार्थनेला डोळे मिटले की मी मार्क मागत नाही. बाबांना उशीर होऊ दे, एवढंच मागते. हे पाप आहे का?

बाई : नाही गं. तुझ्या मागण्यात कसलंच पाप नाही. मला कधी दिसलं कसं नाही, कोण जाणे.

मुलगी : बाबांना कळवलं नाही ना?

मावशी : बाई, कानात सांगते, नाही म्हणा. कडी तरी काढेल.

बाई : कळवलंय. शाळेच्या ऑफिसातून फोन गेला. ते निघालेत.

मावशी : काय हो हे!

बाई : खोटं बोलून बाहेर काढली, तर ती पुन्हा कोणावर विश्वास ठेवेल का? ...अगं, ऐकतेयस ना?

मुलगी : ते शाळेच्या कमिटीवर आहेत. तुम्हाला काढून टाकतील.

बाई : टाकतीलही. पण आज तुला एकटीला त्यांच्याबरोबर पाठवणार नाही. तुझ्या आईला बोलावते, मोठ्या बाई असतील. जे सांगितलंस ते मी बोलेन. तू बोलायला हवंस असं नाही.

मुलगी : आणि नंतर? घरी?

बाई : ते मला आत्ता माहीत नाही. पण ते ठरल्याशिवाय इथून कोणी हलणार नाही.

मावशी : बाई, फाटकात गाडी आली. तेच आहेत. येतायत वर.

(कडी निघते.)

मावशी : ये गं. तोंड पूस आधी.

मुलगी : बाई, तुमचा हात केवढा गार पडलाय.

बाई : हो गं. सोडू नकोस.