ललितावहिनींच्या कपाटाचं दार

…आता सरळ सुताराला बोलवावं की नाही माणसानं? पण नाही. आमच्या वरच्या मजल्यावरचे पोपटराव म्हणजे खडकीच्या कारखान्यात उभा जन्म लेथवर काढलेला माणूस, ते म्हणणार, "लोखंड सरळ केलंय मी, हे तर लाकूड," आणि मग काय, तुम्हाला सांगतो, धायरीतल्या आमच्या अख्ख्या इमारतीची दुपारची झोप गेली, कारण ह्यांच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार पावसाळ्यात पिळलं, वरचा कोपरा बाहेर, खालचा आत, आणि दार? दार उघडंच.

बरं, ते काय आज बिघडलंय होय? दर पावसाळ्यात पिळायचं, ललितावहिनी कमरेनं एक धक्का द्यायच्या, बसायचं. पण वहिनी गेल्या बंगळुरूला, लेकीच्या, म्हणजे मैत्रीच्या बाळंतपणाला, आणि आता बाळ रांगायला लागलं तरी तिकडंच… मैत्रीची नोकरी, जावयाची फिरती, बाळाला बघणार कोण? मग इकडे कधी येणार, हे विचारायचं कुणी? पोपटरावांनी? ज्या माणसानं सबंध संसारात 'तुझ्याशिवाय करमत नाही' म्हटलं नाही, तो आता फोनवर म्हणणार? तो फोनवर म्हणतो, "अगं, दार बसत नाहीये."

वहिनी तिकडून, "अहो, बिजागरी सैल करून बघा." केली. "अहो, जरासा रंधा मारा." मारला, आणि जरासा कसला, पाल आत जाईल एवढी फट पडली. मग कुणीतरी सांगितलं म्हणून दार काढून गच्चीवर, खोलगट बाजू खाली ओल्या फडक्यावर, वरून ऊन, त्यावर आमचा पाटा, पाट्यावर आमचाच गव्हाचा डबा, आणि सकाळी फोन, संध्याकाळी फोन, तोही स्पीकरवर.

"आज जरा सरळ वाटतंय."

"जेवलात का?"

"कोपरा अजून उचललेलाच आहे."

"जेवलात का, विचारतेय मी."

"…आमटी केली होती. तुझ्यासारखी नाही झाली."

मी तिथंच पाटा धरून उभा, तुम्हाला सांगतो, कुठं बघावं कळेना. आणि दार? परत नेऊन लावलं, तर उघडंच.

पण परवा बसलं हो. टक्‌ करून बसलं. मी म्हटलं, आता हा माणूस पेढे वाटणार. तर हे आपले खुर्चीवर बसून, दार उघडतायत, लावतायत, उघडतायत, फोन हातात पण लावेनात. सांगणार काय आता? शेवटी मीच लावून दिला.

"अगं, बसलं दार."

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या, आणि मागून बाळाचा आवाज आला. मग हळूच, "अहो, शेजारचं बघितलंत का? मला ते आधीपासून वाकडं वाटायचं."

पोपटरावांनी बघितलं. मीही बघितलं. फूटपट्टीसारखं सरळ दार.

"हो गं," ते म्हणाले, "चांगलंच पिळलंय. उद्या सकाळी काढतो आणि फोन करतो."

मी आपला कानात घालायला कापूस आणून ठेवलाय. त्या स्वयंपाकघरात ओट्याखालीही दारं आहेत हो.